दातांच्या खुर्चीतलं पाणी, हात आणि हत्यारं : तुमचे प्रश्न

मागच्या अंकात रूट कॅनलबद्दल लिहिताना सहज एक वाक्य टाकलं होतं, की डेंटिस्टकडे गेल्यावर लोक खुर्ची बघतात, एसी बघतात, पण तोंडात फवारलं जाणारं पाणी कुठून येतं ते कोणी विचारत नाही. त्या एका वाक्यावरच इतकी पत्रं आली की रूट कॅनल बाजूलाच राहिलं! बरेचसे प्रश्न एकाच धाटणीचे होते म्हणून त्यातले वेगवेगळे निवडून घेतलेत. काही पत्रांत व्हायरस आणि बॅक्टेरिया यांची खिचडी झालीये, आपण आज फक्त बॅक्टेरियाबद्दल बोलू.

प्रश्न : मॅडम, माझ्या सहा वर्षांच्या मुलाच्या दुधाच्या दाढेची नस काढायची आहे. पाण्यातून लहान मुलांना इन्फेक्शन झालं असं कुठेतरी वाचलं आणि झोपच उडाली. पण पाणी तर स्वच्छ दिसतं, मग त्यात जंतू कुठून येतात? – एक आई

ताई, आधी झोप परत आणा, कारण हे प्रकार फार क्वचित होतात. पण प्रश्न अगदी बरोबर जागी बोट ठेवणारा आहे म्हणून जरा सविस्तर सांगते.

खुर्चीतून ड्रिलपर्यंत पाणी नेणारी जी प्लास्टिकची नळी असते ती आतून जेमतेम काही मिलिमीटर रुंद असते आणि लांब असते, म्हणजे पाणी थोडं आणि पाण्याला चिकटलेली भिंत मात्र खूप. त्यात पाणी मधून वाहतं, भिंतीलगत ते जवळपास थांबलेलंच असतं, आणि रात्रभर किंवा सुट्टीच्या दिवशी तर सगळंच थांबतं. पाण्यात मुळात जे चार-दोन जंतू असतात ते भिंतीला चिकटतात, स्वतःभोवती चिकट थर तयार करतात आणि त्यात मजेत वाढतात, याला बायोफिल्म म्हणतात. शिकत असताना आमच्या सरांनी एक जुनी काढलेली नळी ब्लेडने उभी चिरून हातात दिली होती. बाहेरून पारदर्शक, नवीन वाटावी अशी, आणि आतून बोट फिरवलं तर फुलदाणीतलं पाणी आठवडाभर बदललं नाही की आत जसं बुळबुळीत लागतं तस्सं. त्या दिवसापासून मी "पाणी स्वच्छ दिसतंय" या वाक्यावर विश्वास ठेवणं सोडलं.

ही गोष्ट नवी नाही बरं का. 1963 सालीच ब्रिटनमध्ये डेंटल युनिटच्या (म्हणजे खुर्ची आणि तिला जोडलेली यंत्रणा) पाण्यात भरपूर जंतू सापडल्याचं छापून आलं होतं. अमेरिकेच्या सीडीसी या सरकारी आरोग्य संस्थेने मर्यादा घालून दिलीये, साध्या ट्रीटमेंटच्या पाण्यात एका मिलिलिटरमागे जास्तीत जास्त 500 जंतू (म्हणजे वाढवून बघितल्यावर दिसणाऱ्या वसाहती), पिण्याच्या पाण्याइतकंच. ज्या युनिटची काळजीच घेतली जात नाही तिथे हा आकडा हजारोंमध्ये, कधी लाखांमध्येही जातो.

तुम्ही वाचलंय ती घटना बहुतेक अमेरिकेतली असणार. 2015 मध्ये जॉर्जिया राज्यात आणि 2016 मध्ये कॅलिफोर्नियातल्या अॅनाहाइम इथे लहान मुलांच्या दातांच्या क्लिनिकमध्ये नेमकी हीच ट्रीटमेंट, दुधाच्या दाढेची वरची नस काढायची, केलेल्या मुलांना मायकोबॅक्टेरियम अॅब्सेसस नावाच्या जंतूचं इन्फेक्शन झालं, अॅनाहाइममध्ये तर 70 च्या वर मुलं होती. दाढ उघडली, आतला भाग खुर्चीच्या पाण्याने धुतला आणि वर सिमेंट भरून बंद करून टाकलं, म्हणजे जंतूंना आत कोंडूनच ठेवलं की! हे इन्फेक्शन संथपणे वाढतं त्यामुळे सूज यायला कित्येक आठवडे, काही मुलांना दोन-तीन महिने लागले, तोवर दाताचा आणि गालावरच्या गाठीचा संबंध कोणाच्या लक्षातही येईना. साधी अँटिबायोटिक्स त्याला दाद देत नाहीत, कित्येक मुलांना हॉस्पिटलमध्ये ठेवून ऑपरेशन करावं लागलं, काहींचे जबड्यात तयार होत असलेले कायमचे दातही गेले.

इटलीत 2011 मध्ये 82 वर्षांच्या एका बाई लिजिओनेला नावाच्या जंतूच्या न्यूमोनियाने गेल्या, त्या आधीचे काही दिवस फक्त डेंटिस्टकडे जायलाच घराबाहेर पडल्या होत्या आणि तोच जंतू, अगदी त्याच जातीचा, क्लिनिकच्या पाण्याच्या लाइनमध्ये सापडला. तिथे जंतू फवाऱ्यातून श्वासात गेले. वयस्कर माणसं, सिगारेट ओढणारे, प्रतिकारशक्ती कमी असलेले, यांना ही भीती जास्त.

उपाय काय, तर पाणी नळाला थेट जोडण्यापेक्षा खुर्चीला स्वतंत्र बाटली असते त्यातून द्यायचं, त्यात लाइन साफ ठेवणारं औषध नियमित वापरायचं, ठरावीक काळाने जोरदार केमिकलने आतून धुवायचं आणि पाणी लॅबमध्ये तपासून घ्यायचं. दोन पेशंटच्या मध्ये 20 ते 30 सेकंद पाणी सोडून द्यायचं. पण नुसतं पाणी सोडून भिंतीवरचा थर निघत नाही हां, त्याने फक्त नळीत साचलेलं पाणी आणि आधीच्या पेशंटचं जे काही आत ओढलं गेलं असेल ते बाहेर पडतं. तुमच्या मुलाच्या डॉक्टरांना सरळ विचारा, "दाढ उघडल्यावर आत कोणतं पाणी वापरता?" उत्तर वेगळं निर्जंतुक सलाइन किंवा जंतुनाशक औषध असं आलं तर निर्धास्त व्हा. आणि घरी आल्यावर दोन-चार महिने त्या बाजूला गाठ, सूज, हिरडीवर पुळी असं काही दिसलं तर "दात येत असेल" म्हणून सोडून देऊ नका, एवढंच.

प्रश्न : आमच्या डॉक्टरांकडे काचेचं कपाट आहे, आत निळा दिवा. हत्यारं त्यातूनच काढतात. यूव्हीने सगळे जंतू मरतात ना? – एक निवृत्त वाचक

काका, तो निळा दिवा दिसायला फार छान असतो पण त्याच्या भरवशावर हत्यारं निर्जंतुक होत नाहीत. प्रकाश जिथे थेट पडतो तिथलेच जंतू मरतात, चिमट्याच्या सांध्यात आणि दातऱ्यांच्या मागे कुठला आलाय प्रकाश. ते कपाट म्हणजे निर्जंतुक केलेली हत्यारं ठेवायची जागा. खरं काम ऑटोक्लेव्हचं, म्हणजे आपला कुकरच समजा, दाबाखालची वाफ. 121 अंश सेल्सिअसला निदान 15 मिनिटं आणि पाऊचमध्ये बांधलेली असली तर त्याहून जास्त, किंवा 134 अंशाला निदान 3 मिनिटं, आणि हे मिनिटं मोजणं तापमान तिथे पोचल्यावर सुरू होतं, बटण दाबल्यापासून नाही. उकळत्या पाण्यात टाकून बीजाणू, म्हणजे काही जंतूंचं कवच घेऊन झोपलेलं चिवट रूप, मरत नाहीत, आणि ग्लुटराल्डिहाइडच्या ट्रेमध्ये हत्यारं बुडवून ठेवतात ना, त्या 2 टक्क्यांच्या द्रावणाला बीजाणू मारायला साधारण 10 तास लागतात, दोन पेशंटच्या मध्ये 10 मिनिटं बुडवून काय होणार?

पण मला विचाराल तर सगळ्यात मोठी चूक ऑटोक्लेव्हच्या आधीच होते. हत्यारावर रक्त, लाळ, सिमेंटचा कण सुकून बसला की त्याच्या खाली वाफ पोचतच नाही, म्हणजे तुम्ही घाण निर्जंतुक करायला निघालात आणि तीही अर्धवट. आधी घासून किंवा अल्ट्रासॉनिक मशीनमध्ये धुवून, कोरडं करून, मग पाऊच. आणि मशीनमध्ये पाऊच ठासून भरले की वाफ फिरत नाही. संध्याकाळी घाईघाईत मशीन गच्च भरणारे मी पाहिलेत, आणि खरं सांगायचं तर सुरुवातीच्या दिवसांत मीही भरलंय, आमच्या सिस्टरांनी दार उघडून अर्धे पाऊच बाहेर काढले आणि माझ्याकडे असं काही बघितलं की परत हिंमत झाली नाही.

पाऊचवर एक छोटी खूण असते, ती रंग बदलते. लोकांना वाटतं रंग बदलला म्हणजे झालं. बाहेरची ती खूण फक्त "हे पाकीट मशीनमधून जाऊन आलंय" एवढंच सांगते, आत जंतू मेले की नाही ते नाही सांगत. ते बघायला आठवड्यातून एकदा स्पोअर टेस्ट करतात, जिओबॅसिलस स्टिअरोथर्मोफिलस नावाचे अतिशय चिवट बीजाणू एका छोट्या कुपीत घालून मशीनमधून काढायचे आणि मग वाढतात का बघायचं, ते मेले तर बाकीचे मेलेच असं धरायचं.

आणि ड्रिल, ज्याला आम्ही हँडपीस म्हणतो, तो नुसता स्पिरिटने पुसून पुढच्या पेशंटला वापरायचा नसतो. तो थांबतो त्या क्षणी आतली फिरकी थोडीशी हवा उलटी ओढते आणि तिच्यासोबत तोंडातली लाळ, रक्त आतल्या बारीक नळ्यांमध्ये जातं. नव्या हँडपीसमध्ये हे अडवायची झडप असते पण झडपा झिजतात. त्यामुळे प्रत्येक पेशंटनंतर हँडपीस ऑटोक्लेव्हमध्ये, आणि तोही आधी हवा काढून घेणाऱ्या मशीनमध्ये घातलेला बरा, कारण साध्या मशीनमध्ये पोकळ नळीत हवा अडकून राहते आणि हवा आहे तिथे वाफ शिरत नाही.

प्रश्न : डॉक्टरांनी नवे ग्लोव्हज घातले होते, मग जंतू पसरायचा प्रश्न येतोच कुठे? – कॉलेजमधला वाचक

अरे, ग्लोव्हज डॉक्टरचा हात वाचवतात. ग्लोव्हज घातलेला हात तुझ्या तोंडातून बाहेर आला, वरचा दिवा सरकवला, ड्रॉवर उघडला, मोबाइल वाजला तो बंद केला, परत तोंडात गेला, आता सांग काय राहिलं? पुढच्या वेळी पाच मिनिटं फक्त हात बघ, सगळं कळेल. म्हणून दिव्याच्या दांड्यावर, बटणांवर, एक्सरेच्या सेन्सरवर प्लास्टिक लावतात आणि पेशंट बदलला की ते काढून नवीन लावतात. ग्लोव्हज काढल्यावर हात धुवायचे असतात, कारण ग्लोव्हजना न दिसणारी भोकं असतात आणि आत घामात जंतू वाढतात.

तमिळनाडूत 2022-23 च्या सुमारास मेलिऑइडोसिस या जंतूंमुळे होणाऱ्या आजाराच्या पेशंटचा माग काढत दातांच्या एका क्लिनिकपर्यंत पोचता आलं, याचा जंतू माती-पाण्यात सापडतो आणि तिथे तो थेट मेंदूपर्यंत पोचला होता, 8 जण दगावले. तपासात काय निघालं माहितीये? सलाइनची बाटली तोंडात वापरायच्या हत्याराने उघडायची, सैल बंद करून ठेवायची आणि तीच परत पुढच्या पेशंटला वापरायची. सलाइन कंपनीतून निर्जंतुकच आलं होतं. एकदा उघडलेली बाटली त्या पेशंटपुरती, उरलं तर ओतून द्यायचं, यात काटकसर चालत नाही.

प्रश्न : मी डेंटल असिस्टंट आहे. स्केलिंग चालू असताना सगळीकडे तुषार उडतात. पेशंट गेला की मी लगेच मास्क काढते, गुदमरतं हो. चालतं का? – एक वाचक

नाही चालत गं, निदान थोडा वेळ तरी थांब. मोठे थेंब लगेच खाली पडतात, पेशंटच्या छातीवर, तुझ्या चष्म्यावर, ट्रेवर. पण 5 मायक्रॉनपेक्षा बारीक कण हवेत तरंगत राहतात, पेशंट उठून बिल देऊन गेला तरी ते तिथेच असतात, आणि श्वासातून खोल जाणारेही हेच. स्केलर हा सगळ्यात जास्त तुषार उडवणाऱ्या मशीनपैकी एक. जाड तोंडाचं सक्शन स्केलरच्या अगदी जवळ धरलं तर बरंचसं तिथल्या तिथे ओढलं जातं, म्हणजे हे काम तुझ्याच हातात आहे. सुरू करायच्या आधी पेशंटला क्लोरहेक्सिडिनने चूळ भरायला लावली तर तुषारांमधले जंतू कमी होतात. फिलिंग किंवा रूट कॅनल असेल तर रबर डॅम लावायचा, दात तेवढा बाहेर आणि बाकी तोंड झाकलेलं. खोलीत हवा खेळती पाहिजे. ओला झालेला मास्क बदल, गळ्यात लटकवून चहाला जाऊ नकोस, ही सवय आमच्याकडेही कोणाची सुटत नाही. आणि पेशंटला बरेच आठवडे खोकला असेल, संध्याकाळी ताप येत असेल तर डॉक्टरांच्या कानावर आधी घाल. टीबीची शंका असलेल्या माणसाचं स्केलिंग थांबू शकतं.

प्रश्न : लाळ ओढणारी ती नळी ओठांत धरून "ओठ मिटा" म्हणतात. माझी मुलगी ती स्ट्रॉसारखी चोखते! – एक बाबा

नका चोखू देऊ. ओठ घट्ट मिटले की तोंडात नळीपेक्षा जास्त ओढ तयार होऊ शकते आणि नळीतलं, कधीकधी आधीच्या पेशंटचं, तोंडात उलटं येऊ शकतं. टोक नवीन असतं पण मागची नळी तीच असते. ओठ उघडे ठेवायला सांगा, झालं.

प्रश्न : बाबांचा हृदयाचा व्हॉल्व्ह बदललाय. दाढ काढायच्या आधी अँटिबायोटिक घ्यायला सांगितलं. क्लिनिक स्वच्छ नाही म्हणून का? मला तर गुडघा बदललाय, मीही घेऊ का? – एक वाचक

नाही नाही, त्याचा क्लिनिकच्या स्वच्छतेशी काही संबंध नाही. आपल्याच तोंडात शेकडो जातींचे जंतू राहतात, दाढ काढताना किंवा हिरडीखाली साफ करताना ते थोडा वेळ रक्तात जातात. ब्रश करताना, चावतानासुद्धा जातात आणि शरीर त्यांना निपटून टाकतं. पण कृत्रिम व्हॉल्व्हवर ते बसले की तिथून हलत नाहीत, आणि तो आजार जिवावरचा आहे. म्हणून कृत्रिम व्हॉल्व्ह, आधी एकदा व्हॉल्व्हचं इन्फेक्शन होऊन गेलेलं, जन्मजात हृदयदोषातले काही ठरावीक प्रकार, अशा थोड्याच लोकांना ट्रीटमेंटच्या 30 ते 60 मिनिटं आधी एकच डोस देतात, मोठ्या माणसाला सहसा अमॉक्सिसिलिन 2 ग्रॅम. पूर्वी ही यादी खूप लांब होती, 2007 मध्ये अमेरिकन हार्ट असोसिएशनने ती छाटली. गुडघा बदललेल्यांना सरसकट गरज नसते. तुम्ही तुमच्या डॉक्टरांना विचारून ठरवा, बाबांच्या पाकिटातली गोळी घेऊ नका. आणि बाबांना पेनिसिलिनची अॅलर्जी असेल तर ते आधी सांगा, औषध बदलतं.

प्रश्न : दाढ काढली, तिसऱ्या दिवशी भयंकर ठणका आणि वास. क्लिनिकमधून इन्फेक्शन आलं हे उघड आहे ना? – चिडलेला वाचक

तुमचं पत्र दोनदा वाचलं. सूज नाही, ताप नाही, पू नाही, तिसऱ्या दिवशी कानापर्यंत जाणारा ठणका, आणि सिगारेट चालू होती असं तुम्हीच लिहिलंय. हे ड्राय सॉकेट असण्याची शक्यता जास्त. खड्ड्यातली रक्ताची गुठळी निघून गेली आणि हाड उघडं पडलं, दुखतं प्रचंड पण ते कोणाच्या हत्यारातून आलेलं इन्फेक्शन नव्हे. डॉक्टरकडे जा, धुवून औषधाची पट्टी ठेवतात, त्याच दिवशी आराम पडतो. मात्र गळ्याखाली सूज, तोंड उघडेना, थुंकी गिळता येईना, श्वास लागतोय असं काही झालं तर दातांचं क्लिनिक उघडायची वाट न बघता सरळ हॉस्पिटल गाठा, रात्र असली तरी.

प्रश्न : हे सगळं विचारलं तर डॉक्टरांना राग नाही येणार? – नाव न छापण्याच्या अटीवर

काहींना येतो. एकदा मीच पेशंट म्हणून एका ओळखीच्या डॉक्टरांकडे खुर्चीत होते, पाऊच समोर उघडा म्हटलं तर ते हसून म्हणाले, "आता तू मला शिकवणार?" आणि उघडलाच नाही, ट्रे आधीच मांडून ठेवलेला होता. मी त्या दिवशी दात न दाखवताच उठून आले, मैत्री अजून आहे. तुम्हाला तेवढं तोडायची गरज नाही. खुर्चीत बसल्यावर नुसतं म्हणा, "डॉक्टर, हत्यारांचं पाकीट माझ्यासमोर उघडाल का, मला जरा भीती वाटते." भीती वाटते म्हटलं की बहुतेक जण उघडतात. मग पाकीट फाटलेलं, ओलं किंवा आतून डागाळलेलं तर नाही ना बघा, वर तारीख असते तीही बघा, आणि ड्रिल कुठून आला, पाकिटातून की खुर्चीला टांगलेलाच होता, तेवढं लक्षात ठेवा.